बरणीतली उत्तर दिशा

आमच्या घरात रस्ता विचारायचा असला तर मला कुणी विचारत नाही. नागपूरच्या मॉलमध्ये मी एका जिन्याने वर गेले की उतरताना भलत्याच दुकानात निघते, आणि नवरा फोनवर "जिथे आहेस तिथेच उभी राहा, हलू नकोस" असं जत्रेत हरवलेल्या पोराला सांगावं तसं सांगतो. परवा भाचीला घेऊन गाडीतून निघालो होतो. मी मोठ्या रुबाबात मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं, तर ते म्हणालं, आधी मला हवेत फिरवून इंग्रजी आठ काढा. मी पुढच्या सीटवर बसून हात लांब करकरून आठावर आठ काढत होते. टोलनाक्यावरच्या माणसाला वाटलं, बाई ओवाळतेय. त्याने हात जोडले.

तरीही नववीत असताना अख्खी उत्तर दिशा माझ्याकडे एका काचेच्या बरणीत होती. हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलं आहे की आता पोरं माझ्या आधी ते पूर्ण करतात. म्हणून या वेळी लिहूनच काढते. लिहिताना मधूनच कुणी पाणी प्यायला उठून जात नाही.

आमचं गाव एकोडीच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकलेलं. बाबा पाटकरी होते, म्हणजे तलावाचं पाणी कुणाच्या धानाला कधी सोडायचं ते पाहणारी सरकारी नोकरी. पहाटे पाळीवरून एक चक्कर, मग आंघोळ, मग बुद्धवंदना, मग चहा. हा क्रम मोडला तर तलाव फुटेल असा त्यांचा समज असावा. घरात भूत, भानामती, अंगात येणं या शब्दांना बंदी होती, आणि ती सगळ्यांनी मानली होती, एक मोठीमाय सोडून. मोठीमाय म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या काकांची बायको. माय दिवसभर धानाच्या बांधीत, त्यामुळे चूल, कोंबड्या आणि आम्हा भावंडांचे कान मोठीमायच्या ताब्यात. विहारात सगळ्यांत पुढे बसून सगळ्यांत मोठ्याने वंदना म्हणणारी तीच, आणि परत येताना पिंपळाजवळ पदर डोक्यावर घट्ट ओढून घेणारीही तीच. बाबांनी टोकलं की म्हणायची, "भूत नसते, मले मालूम हाये. पण त्याले मालूम हाये का, थे नसते म्हणून?" यावर बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. ते चहा मागायचे.

पावसाळ्यातली ती सकाळ अजून माझ्या नाकात आहे. ओल्या लाकडाचा धूर, तव्यावर तांदळाच्या पिठाचं आयतं पडलं की होणारा चर्र आवाज, पाट्यावर लसूण-मिरची वाटल्याचा ठसका. तरोट्याची कोवळी भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे डब्यात भरून मी दारात उभी राहायची, तेवढ्यात पाळीवरून सिंधूची हाक यायची. सिंधू ही तलावावर मासे धरणाऱ्या सोमाआजाची नात. मायबाप लहानपणीच गेले, म्हणून तिचा सगळा कारभार आजाच्या हाती. तिच्या डब्यात सुके झिंगे असायचे. आमच्या दोघींचे डबे गावाची वेस ओलांडायच्या आत बदलले जायचे, त्यामुळे दोन्ही घरांना आपली पोरगी घरचंच खाते असा विश्वास होता.

हायस्कूल पलीकडच्या मोठ्या गावात होतं, आमच्या गावाच्या बरोबर उत्तरेला. डांबरी रस्त्याने गेलं तर अर्धा जिल्हा फिरून जावं लागायचं. पायवाट सरळ, पण जंगलातून. त्या वाटेला गुरांनी, मोहफुलं वेचणाऱ्यांनी, सरपणवाल्यांनी इतके फाटे फोडलेले की उन्हाळ्यातही नीट पाहून चालावं लागे. पावसाळ्यात गवत वाढलं, आभाळ भरलं आणि सूर्य दिसेनासा झाला, की सगळे फाटे एकसारखे. अशाच झडीच्या दिवसांत मला ताप आला आणि सिंधू एकटीच शाळेला निघाली. शाळेत ती पोचलीच नाही. दिवस मावळता मावळता चिखलाने माखलेली, एक चप्पल हरवलेली, घरी परत आली. सांगत होती, चालत राहिली, चालत राहिली आणि परत परत एकाच मोहाच्या झाडाशी येत राहिली. झालं. गावाने एकमुखाने निकाल दिला: पोरीला चकवा लागला. आमच्याकडे चकवा म्हणजे जंगलातलं ते न दिसणारं काहीतरी, जे माणसाला वाट भुलवून गोल गोल फिरवतं.

सोमाआजा मोजकं बोलणारा माणूस. त्याने तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाला, "पोट्टी हातापायानं धड आली, भरून पावलो. आता शाळा बस झाली." सिंधू रडली नाही. ती मागच्या दारी जाऊन फाटलं जाळं विणत बसली, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. त्यात माझा स्वार्थही होता. सिंधू नाही म्हणजे मी एकटी, आणि एकटीला जंगलातून पाठवायला आमचे भूत न मानणारे बाबासुद्धा तयार नव्हते. "चकवा नाई, मले मान्य हाये," ते म्हणाले, "पण वाट चुकते हे तं खरं ना, बाई!" म्हणजे एका मोहाच्या झाडापायी दोन शाळा बंद व्हायच्या होत्या.

काही दिवस बाबा मला सायकलवर डबलसीट घालून लांबच्या रस्त्याने सोडायला आले. हे फार दिवस चालणार नव्हतं, ते पाटाचं पाणीही जाणत होतं. त्याच दिवसांत विज्ञानाच्या सरांनी वर्गात लोहचुंबक आणलं. आधी नेहमीचाच खेळ, टाचण्या चिकटवणं वगैरे. मग त्यांनी चुंबकाची एक कांडी दोऱ्याने टांगली, ती झुलली, फिरली आणि थांबली. सरांनी हाताने फिरवली, ती पुन्हा झुलली आणि पुन्हा तिथेच येऊन थांबली. "कोण फिरवून राहिलं हिले?" सरांनी विचारलं. मग त्यांनीच बुटाची टाच जमिनीवर आपटली. "हे! आपल्या पायाखालची पृथ्वी. हेच एक भलंमोठं चुंबक हाये."

माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो, खोटं सांगत नाही. सर म्हणाले, जमिनीच्या खूप खोल पोटात लोखंड वितळून रसासारखं सतत वाहतं आहे. त्या वाहण्यातून चुंबकाचा जोर तयार होतो आणि तो सगळ्या पृथ्वीभोवती पसरलेला असतो, घरातून, झाडातून, आपल्या अंगातून आरपार गेलेला. दिसत नाही, टोचत नाही. पण मोकळं टांगलेलं छोटं चुंबक त्या जोराच्या रेघेत आपोआप जाऊन उभं राहतं, उत्तर-दक्षिण. रात्र असो, आभाळ असो, जंगल असो. माझ्या डोक्यात त्याच क्षणी सिंधू, मोहाचं झाड आणि ती कांडी अशी तिघं एकत्र येऊन बसली. सायकलवरून घरी येईपर्यंत मी बाबांच्या पाठीला हे सगळं इतक्या जोरात सांगितलं की समोरून येणारे बैल बुजले.

मोठीमायने सगळं ऐकून घेतलं आणि आयतं उलटवत विचारलं, "म्हंजे आपण लोहचुंबकावर बसून राहिलो?"

"हो ना, मोठीमाय!"

"मंग हा तवा काहून चिकटत नाई जमिनीले?"

दुसऱ्या दिवशी मी हा प्रश्न जसाच्या तसा सरांसमोर ठेवला. सर खूश होऊन खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, पृथ्वी मोठी, पण तिची ओढ फार नाजूक. तवा उचलणं तिला जमत नाही. हलक्या सुईला मात्र ती कळते, कारण सुईला फक्त वळायचं असतं. आणि म्हणूनच सांभाळायचं, सर म्हणाले. सुईजवळ लोखंड आलं तर सुई पृथ्वीचं ऐकत नाही, जवळच्याचं ऐकते. पुढे त्यांनी असंही सांगितलं की सुईचं उत्तरेचं टोक जिकडे ओढलं जातं तिथला पृथ्वीचा ध्रुव चुंबकाच्या हिशेबाने दक्षिणेचा असतो. हे मी मोठीमायला सांगितलं नाही. तिने मला जेवायला वाढलं नसतं.

बाबांचा रेडिओ गळक्या कौलाखाली भिजून कधीचाच मुका झाला होता. त्याच्या स्पीकरमधलं चुंबक मी काढून घेतलं, आणि सिंधूला जाळ्यावरून उठवून आणलं. तिच्याच जाड सुईवर आम्ही ते घासलं. पाट्यावर चटणी वाटतात तसं मागेपुढे नाही, केसात फणी फिरवतात तसं, एकीकडूनच. सरांनी सांगितलं होतं की पोलादाच्या आत अगणित बारीक बारीक चुंबकं वाटेल तिकडे तोंड करून असतात. घासता घासता ती एका दिशेला वळतात, शिट्टी वाजल्यावर मैदानातली पोरं रांगेत उभी राहतात तशी. सुई टांगायला दोरा घेतला तर त्याचाच पीळ सुईला फिरवे. केस हवा होता. मोठीमायने डोक्यावर हात ठेवून ठाम नकार दिला, बाईने आपला केस कुणाच्या हाती देऊ नये म्हणून. सिंधूने आपल्या वेणीतला एक लांब केस उपटून दिला.

सुई लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टांगली, झाकणाच्या जागी पुठ्ठा. उत्तरेच्या टोकाला नखपॉलिशचा लाल ठिपका. पण सुई काही आडवी राहीना, लाल टोक सारखं खाली झुके. मी केस सरकवून सरकवून वैतागले. शेवटी सरांना दाखवली तर म्हणाले, "अवं, हे चूक नाई! आपल्या इकडं पृथ्वीची ओढ तिरपी हाये, उत्तरेकडं आणि खाली, जमिनीच्या पोटात." म्हणजे ती सुई वाटच नव्हे, खोलीही दाखवत होती! दुसऱ्या टोकाला मेणाचा थेंब लावून तिला आडवं केलं, आणि मग ओसरीवर, अंगणात, पाळीवर, जिथे बरणी ठेवावी तिथे लाल ठिपका शाळेकडे. त्या आठवड्यात मी गावात कुणालाही गाठून त्याच्या घराचं दार कोणत्या दिशेला आहे ते सांगत होते, जणू त्यांना तोवर माहीत नव्हतं.

मग बाबा सोमाआजाकडे गेले. मी आणि सिंधू कुडाआडून ऐकत होतो.

"काकाजी, पोट्ट्यांनी यंत्र केलं हाये. एक बार परीक्षा तं घ्या."

आजाने बराच वेळ जाळं झटकलं. मग म्हणाला, "आभाळ भरलं असन त्या दिशी जाऊ. मी मांगं मांगं येईन, बोलणार नाई. पोचल्या तं पोट्टी शाळेत. चुकल्या तं हे गोठ पुन्हा माह्या दारात काढाची नाई, पाटकरी."

भरल्या आभाळाची वाट पाहणारी माणसं त्या वर्षी फक्त आम्हीच असू. शेवटी एका सकाळी आभाळ असं गच्च उतरलं की कोंबड्याही खुराड्यात बसून राहिल्या. मी सगळ्यांना रांगेत उभं करून लोखंड काढायला लावलं. सिंधूच्या केसांतले आकडे, माझ्या फ्रॉकची पिन, बाबांच्या किल्ल्या, आजाच्या कमरेचा चाकू. मोठीमायही निघाली होती, "पोट्ट्याईसंग बाईमाणूस पाह्यजे" म्हणून. तिच्या लुगड्याची पिन काढताना तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात तिच्या सासरच्याही आल्याच. मग एकदम मऊ होऊन तिने मला एक नवी चुंबळ दिली, चिंध्यांची, छान गच्च शिवलेली. "बरणी कायवर ठेवशीन? याच्यावर ठेव, हलणार नाई." मला भरून आलं.

निघालो. पुढे चुंबळीवर बरणी धरून मी, शेजारी सिंधू, मग बाबा, मोठीमाय आणि सगळ्यांत मागे तंबाखू चघळत आजा. फाटा आला की मी थांबायची, चुंबळ जमिनीवर टेकवायची, सुई शांत होऊ द्यायची. लाल ठिपका बरोबर समोर! "उत्तर!" मी ओरडायची आणि आम्ही चालू लागायचो. काय तो थाट! प्रत्येक फाट्यावर मी जिकडे तोंड करून थांबले होते, तिकडेच उत्तर निघत होती. मला वाटलं, माझ्या रक्तातच दिशा आहे, सुई फक्त दुजोरा देतेय. या वाक्यावर आमच्या घरातली पोरं आजही जमिनीवर लोळतात.

वारूळ दिसलं, ओढा लागला, साग मागे पडला. पुन्हा ओढा लागला. पुन्हा वारूळ दिसलं. आणि मग समोर एक मोठा, बुंध्याशी फाटलेला मोह. सिंधूने माझा दंड घट्ट धरला. "वंदे, हाच थो. त्या दिशीचा."

पानांवरून पाणी ठिबकत होतं. मागून आजाचा आवाज आला, रागाचा नव्हे, थकलेला. "झालं? चाला आता घरी." बाबा चष्मा पुसत राहिले. आणि मोठीमाय, माझी मोठीमाय, चक्क खुशीत होती! "पाह्यलं? पाह्यलं ना? म्या सांगतलं होतं का नाई? हा चकवाच! पण भेऊ नोका, आपल्याले काही होणार नाई."

मी रडायच्या बेतात होते. सिंधू मात्र बरणीपाशी उकिडवी बसली होती. तिने चुंबळ थोडी फिरवली. सुई फिरली. आणखी फिरवली. सुई तिच्यामागे, शेपटी धरून चालावं तशी. "वंदे," ती हळूच म्हणाली, "आपण फिरलो का सुई बी फिरून राहिली. घरी तं नव्हती फिरत." मग तिने बरणी उचलली, चुंबळीवरून दूर नेली आणि मोहाच्या एका मुळावर ठेवली. सुई थरथरली, मोठा झोका घेतला, इकडे, तिकडे, आणि थांबली. भलतीकडेच! आमच्या उजव्या अंगाला, झुडपात. सिंधूने बरणी गरगर फिरवली. सुई झुलली, पण परत तिकडेच आली.

"चुंबळ!" मी किंचाळले.

सगळ्यांनी मोठीमायकडे पाहिलं. ती मोहाची पानं मोजत होती.

"वयनी," बाबा म्हणाले, "चुंबळीत काय हाये?"

"काय असन? चिंध्या हायेत."

"वयनी."

"आणि नालेचा तुकडा. बैलाच्या." ती एकदम उसळली. "मंग? पोट्ट्याईले सगळं लोखंड काढाले लावलं हिनं, जंगलात अश्याच नेतू का? लोखंड संग असलं का चकवा जवळ येत नाई!"

म्हणजे चकवा लागू नये म्हणून जे शिवलं होतं, तेच आम्हाला चकवत होतं. आणि तो तुकडा तिने कुठे ठेवला होता? फडताळातल्या त्याच डब्यात, जिथे मी माझं चुंबक ठेवत होते. शेजारी राहून नालेतही चुंबक चांगलं मुरलं होतं. पृथ्वी बिचारी एवढी मोठी, पण लांब आणि नाजूक. नाल बोटभर अंतरावर. सुईने जवळच्याचं ऐकलं. बाबा आधी गंभीर होते, मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला, आणि हा बुद्धवंदना न चुकवणारा माणूस वारुळाला टेकून डोळ्यांतून पाणी येईतो हसला. सोमाआजा तंबाखू थुंकून हसला. शेवटी मोठीमायही हसली, पण चुंबळ तिने छातीशीच धरून ठेवली.

परवा गाडीत आठावर आठ काढूनही माझ्या मोबाइलची दिशा डुलतच होती. भाची म्हणाली, "मावशी, तुझ्या कव्हरला चुंबक आहे." कव्हर काढलं, दिशा जागेवर आली, आणि मी अशी हसले की नवऱ्याने गाडी बाजूला घेतली.

तिकडे जंगलात हसू ओसरल्यावर "आता मी धरते," सिंधू म्हणाली, आणि बरणी तिने उचलली. मोठीमायला आजाने आपल्याही मागे, लांब चालायला लावलं, चुंबळीसकट. मग आम्ही चाललो नाही, पळालो. फाट्याला सिंधू बरणी नुसती मातीवर टेकवी, श्वास रोखून पाही, आणि हाताने दाखवी. एकदा तर लाल ठिपका दाट झुडपातून सरळ जा म्हणाला. मी कचरले. सिंधू गुडघाभर गवतात शिरलीसुद्धा, आणि पलीकडे नीट, ओळखीची, चप्पलांच्या ठशांची पायवाट. थोडं पुढे गेलो आणि समोरून, बरोबर समोरून, शाळेच्या घंटेचा आवाज आला. मी ओरडले, सिंधू ओरडली, मागून मोठीमाय का कुणास ठाऊक, पण तीही ओरडली.

शाळेच्या फाटकाशी सोमाआजा थांबला. धोतराला चिकटलेली कुसळं काढत त्याने आम्हा दोघींकडे पाहिलं, सिंधूकडे जास्त वेळ. मग म्हणाला, "उद्यापासून येईन पोट्टी. पण एक अट. बरणी तिच्या हाती राहीन." आणि माझ्याकडे वळून, "तू दप्तरं धरत जा, वंदे. तुह्या हाती बोंब मारणं चांगलं हाये."

मोठीमायने घरी येऊन ती नाल चुंबळीतून उसवली आणि चौकटीवर ठोकली. बाबांनी पाहिलं आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशीही आभाळ तसंच होतं. माझ्या दोन्ही खांद्यांवर दोन दप्तरं, त्यात अदलाबदल झालेले दोन डबे, आणि पुढे बरणी घेतलेली सिंधू. पहिला फाटा आला. तिने बरणी मातीवर ठेवली, पण लगेच पाहिलं नाही. आधी ती उठून बरणीभोवती सावकाश एक पूर्ण फेरी चालली, सुईवर नजर ठेवून, आपल्याबरोबर वळतेय का ते बघत. सुई वळली नाही. सिंधू जिथून निघाली तिथे परत आली, बरणी उचलली आणि म्हणाली, "चाल."